फुकटचा डान्स क्लास आहे, मुलीला पाठवू का?

पत्र: मी कळव्याला राहते. मिस्टर रिक्षा चालवतात, मी एका पॅकिंगच्या युनिटमध्ये सकाळी आठ ते पाच असते. मुलगी दहा वर्षांची आहे, नाचायचं प्रचंड वेड. आमच्या चाळीजवळच्या समाजमंदिरात एका संस्थेने मोफत डान्स आणि ड्रॉइंगचा वर्ग सुरू केलाय, आठवड्यातून तीन दिवस, संध्याकाळी साडेपाच ते सात. जाऊबाई म्हणतात फुकटात काय शिकवणार, फोटो काढतील आणि चार महिन्यांत गायब होतील. त्यांची मुलगी स्टेशनजवळच्या क्लासला जाते, महिना बाराशे, गॅदरिंगच्या ड्रेसचे वेगळे. मिस्टर म्हणतात नाचबिच नको, शिष्यवृत्तीच्या क्लासला घाल. शिवाय मी घरी पोचेपर्यंत पाच वर्षांचा धाकटा तिच्याकडेच असतो. बचत गटातून कर्ज काढून स्टेशनजवळच्या क्लासला घालू का? की मोफतवाल्याला पाठवू? खरं सांगायचं तर तिथे 'गरीब मुलांसाठी' असं बॅनर लावलंय त्याची मला लाज वाटते.

ताई,

आधी सरळ उत्तर देते, मग बाकीचं बोलू. कर्ज काढू नका. मुलीला समाजमंदिरातल्या वर्गाला पाठवा, पण त्याआधी एक दिवस कामावरून लवकर सुट्टी मिळवून तिथे पूर्ण दीड तास जाऊन बसा. दारात उभं राहून दोन मिनिटं बघणं वेगळं आणि कोपऱ्यात मांडी घालून बसणं वेगळं, दीड तासात तुम्हाला असं बरंच काही दिसेल जे मी इथून सांगू शकत नाही.

जाऊबाईंचं म्हणणं पूर्ण चुकीचं नाहीये बरं का, त्यातलं अर्धं खरं आहे. चार महिन्यांत बंद पडणारे वर्ग असतातच. पण ते का बंद पडतात हे कळलं की तुम्हाला बघता येईल की हा वर्ग त्यातला आहे की नाही. वर्ग तुम्हाला फुकट आहे पण त्याचा खर्च कुणीतरी करतंच ना, शिकवणाऱ्या ताईचं मानधन, स्पीकर, कागद, रंग, कधी हॉलचं भाडं. संस्थांना हा पैसा देणग्यांतून येतो किंवा कंपन्यांच्या सीएसआरमधून, म्हणजे समाजकार्यासाठी बाजूला काढलेल्या पैशातून येतो. २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे ठराविक मर्यादेच्या वरच्या मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले २ टक्के समाजाच्या कामावर खर्च करावे लागतात, आणि हे पैसे बरेचदा एका वर्षापुरतेच मंजूर होतात, म्हणून मार्च आला की वर्ग लटकतो. संस्थेच्या माणसांची दानत चांगली असते, मंजुरी आलेली नसते. तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारा की मार्चनंतर वर्ग चालू राहणार का आणि पैसे कुठून येतात. ह्यात संकोच करू नका. नीट काम करणाऱ्या संस्थेला ह्या प्रश्नाचा राग येत नाही, उलट बरं वाटतं की पालक विचारतायत.

आता 'फुकटात काय शिकवणार' ह्याबद्दल. आपल्याकडे राष्ट्र सेवा दल १९४१ साली सुरू झालं, संध्याकाळी मैदानावर मुलं जमायची, खेळ, गाणी, लेझीम, आणि त्यातूनच पुढे कलापथकं उभी राहिली. निळू फुले, दादा कोंडके, राम नगरकर हे सगळे ह्या कलापथकांतले, स्मिता पाटीलही लहानपणी सेवा दलात होती. ह्यातल्या कुणाच्या आईबापांनी त्यासाठी महिन्याच्या फीची पावती फाडली नव्हती. आणि लांब कशाला, तुमच्याच ठाण्यात रत्नाकर मतकरी आणि समता विचार प्रसारक संस्थेने 'वंचितांचा रंगमंच' सुरू केला, वस्त्यांमधली मुलं आपल्याच आजूबाजूचे विषय घेतात, स्वतः नाटिका बसवतात आणि करतात. मतकरींसारखा लेखक त्या मुलांबरोबर बसायचा, ह्याची फी कुठल्या क्लासला परवडली असती सांगा. तिकडे धारावीत 'द धारावी ड्रीम प्रोजेक्ट' म्हणून हिप हॉपची मोफत शाळा आहे, तिथे मुलं ब्रेक डान्स, रॅप, बीटबॉक्सिंग शिकतात. ज्या ब्रेक डान्सला आपल्याकडे सर्रास टपोरी म्हणायचे तो २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये खेळ म्हणून होता! हे मी तुमची मुलगी हिरॉईन होईल म्हणून सांगत नाहीये, शिकवण्याचा दर्जा आणि फी ह्यांची सांगड नसते एवढ्यासाठी सांगतेय. बाराशेवाल्या क्लासमध्ये पण चाळीस मुलं एका हॉलमध्ये कोंबून पुढच्या दोन ओळींनाच शिकवलं जातं असं मी डोळ्यांनी बघितलंय, आणि पत्र्याच्या शेडमध्ये बारा मुलांना मन लावून शिकवणाऱ्या मुलीही बघितल्यात.

तुम्ही बसाल त्या दिवशी बघायचं काय? मी तरी सगळ्यात आधी नावं बघते. शिकवणारी मुलांना नावाने हाक मारते का? 'ए लाल फ्रॉकवाली' असं चाललं असेल आणि वर्ग सुरू होऊन दोनेक महिने झाले असतील तर गडबड आहे. मग मागच्या ओळीकडे बघा, मागे कोण उभं आहे, आणि मध्येच ओळी बदलल्या जातात का. चांगली शिक्षिका मागची ओळ पुढे आणते, नाहीतर धीट मुलं कायम पुढे आणि बुजरी कायम मागे राहतात, आणि बुजरं मूल महिनाभरात यायचं बंद होतं. मग बघा चुकलं की काय करते, ओरडते, हसते, की थांबून पाय कुठे पडायला हवा ते दाखवते. सुरुवातीला थोडं अंग मोकळं करायचे व्यायाम घेते का तेही बघा, कारण समाजमंदिरांमध्ये बहुतेक टाइल्स नाहीतर कोब्याची जमीन असते, त्यावर अनवाणी उड्या मारून मुलांच्या नडग्या दुखतात. दुखतंय म्हटल्यावर शिकवणारी जर 'सवय होईल' म्हणत असेल तर तिला सांगा की जमिनीवर सतरंजी नाही पण उड्या तरी कमी करा. आणि गाणी कुठली लावते, दहा वर्षांच्या पोरींना कसले हावभाव करायला लावते, ह्याकडे तुमचं लक्ष आपोआप जाईलच.

सुरक्षिततेचं जरा सविस्तर बोलते, कारण ह्या बाबतीत फुकट आणि पैसेवाला दोन्हीकडे सारखीच काळजी घ्यायला हवी आणि फुकट वर्गात आपण उपकाराखाली असल्यासारखे गप्प बसतो, तसं अजिबात बसायचं नाही. वर्ग चालू असताना मोठी माणसं किमान दोन हवीत, त्यातली एक बाई असली तर उत्तम. दार उघडं हवं, निदान आतलं बाहेरून दिसायला हवं. पालक कधीही न सांगता येऊ शकतात हा नियम हवा, आणि नसेल तर तो वर्ग तिथेच सोडा, कितीही चांगलं शिकवत असले तरी. नाच शिकवताना हात-खांदा धरून उभं राहणं दुरुस्त करावं लागतं हे खरं, पण चांगले शिक्षक आधी विचारतात, 'हात धरून दाखवू का?' मुलीला घरी नीट सांगून ठेवा की कुणाचा हात लागलेला आवडला नाही तर तिथल्या तिथे नाही म्हणायचं आणि घरी येऊन सांगायचं, तू काही चूक केलेली नसतेस. बाथरूम कुठे आहे, तिथे दिवा आहे का, कडी लागते का, हे स्वतः जाऊन बघा. आणि १०९८ हा मुलांसाठीचा हेल्पलाइन नंबर तिला पाठ करून द्या, फुकट लागतो, दिवसरात्र चालू असतो.

फोटोंचं काय करायचं? संस्थांना फोटो लागतात, पैसे देणाऱ्याला काम दाखवावं लागतं, त्यामुळे फोटो काढतात म्हणून लगेच वाईट समजू नका. पण तुमच्या मुलीचा फोटो कुठे लावायचा हे तुम्ही ठरवणार. फॉर्ममध्ये बहुतेक फोटोच्या परवानगीची एक ओळ असते, ती न वाचता सही करू नका. तुम्ही म्हणू शकता की वर्गाचा सगळ्यांबरोबरचा फोटो चालेल, एकटीचा नको, आणि फोटोखाली तिचं नाव, शाळा, पत्ता काही लिहायचं नाही. फोटो नको म्हटलं म्हणून प्रवेश नाकारत असतील तर मग जाऊबाईंचं बरोबर आहे असं समजा.

आणि बॅनर. ताई, लाज तुम्ही वाटून घ्यायची नाही. ते बॅनर ज्याने छापलं त्याने विचार केला नाही एवढंच. ते मुलंही वाचतात, दहा वर्षांच्या मुलीला सगळं समजतं, आणि तिच्या शाळेतल्या मैत्रिणी त्याच रस्त्याने जातात. मला हे मनापासून वाटतं की मोफत वर्गात मुलांना पाहुण्यासारखं नाही आणि याचकासारखं तर मुळीच नाही, विद्यार्थ्यासारखं वागवलं पाहिजे. तुम्ही संस्थेच्या ताईंना भेटून शांतपणे सांगा की बॅनरवर 'सर्व मुलांसाठी मोफत नृत्य व चित्रकला वर्ग' एवढंच लिहा. एकटीला बोलायला अवघड वाटत असेल तर चाळीतल्या आणखी दोघी-तिघींना घेऊन जा. बहुतेक वेळा लोक ऐकतात. त्यांनी ते बॅनर बदललं तर तो वर्ग टिकेल असं मला वाटतं, कारण पालकांचं ऐकणारी माणसं आहेत असा त्याचा अर्थ.

मिस्टरांचं. त्यांना नाच आवडत नाही म्हणून ते नाही म्हणतायत असं तुमच्या पत्रावरून मला वाटलं नाही, दिवसभर रिक्षा चालवणाऱ्या बापाला पोरीने शिकून बाहेर पडावं असं वाटतंय. तेव्हा त्यांच्याशी 'नाच की अभ्यास' अशी भांडणाची मांडणी करू नका. वर्ग तीन दिवस आहे, उरलेले दिवस शिष्यवृत्तीच्या अभ्यासाला आहेत, आणि वर्गाच्या दिवशी सातला घरी आल्यावर पाऊण तास पुस्तक घेऊन बसायचं असं मुलीकडूनच कबूल करून घ्या, तिला नाचायचं आहे ना, मग ती पाळेल. परीक्षेच्या आधीचा एक महिना वर्ग एक-दोन दिवसांवर आणला तरी चालेल, पूर्ण तोडू नका. मार्कांची भाषा त्यांना पटत असेल तर हेही सांगा की दहावीला कलेचे वाढीव गुण मिळतात. सरकारची इंटरमिजिएट ड्रॉइंग परीक्षा पास झाली की अ श्रेणीला ७, ब ला ५, क ला ३ गुण मिळतात, आणि त्या वर्गात ड्रॉइंग शिकवतायतच, पुढे सातवी-आठवीत आधी एलिमेंटरी आणि मग इंटरमिजिएट देता येईल. शास्त्रीय नृत्याच्या ठराविक परीक्षा दिल्या असतील तरी दहावीला गुण मिळतात, गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासून विशारदपर्यंतच्या परीक्षा ह्यासाठीच खूप मुलं देतात. पण गुणांसाठी नाच असं मुलीच्या कानावर जाऊ देऊ नका हं, हे फक्त मिस्टरांसाठी. आणि एखाद्या दिवशी त्यांना वर्ग सुटायच्या वेळी आणायला पाठवा, दहा मिनिटं आधी. बाकी काही बोलू नका.

धाकट्याचं काय करायचं हा तुमच्या पत्रातला सगळ्यात खरा प्रश्न आहे आणि तुम्ही तो एका ओळीत उरकलात. माझा अनुभव असा की मुली वर्ग सोडतात त्या नाच आवडत नाही म्हणून नाही, घरचं काम आणि भावंड अंगावर असतं म्हणून. वर्गात विचारा, पाच वर्षांचा भाऊ बरोबर आणला तर चालेल का. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात कागद आणि खडू देऊन बसवता येतो, बऱ्याच ठिकाणी बसवतात. नसेल चालत तर शेजारच्या कुणाकडे आठवड्याचे तीन दिवस तास-दीड तास, तुम्ही येईपर्यंत, आणि बदल्यात रविवारी तुम्ही त्यांचं मूल सांभाळा. पण तिला नाचू द्यायचं आणि त्याला पण तिनेच सांभाळायचं असं करू नका, दोन्ही धड होणार नाही.

मोफत वर्गात सुद्धा लपलेले खर्च असतात ते आधी विचारून घ्या. वर्षाच्या शेवटी कार्यक्रम असेल तर ड्रेस कोण देणार, भाड्याने आणायचा तर किती, मेकअप, कार्यक्रमाच्या ठिकाणी जायची गाडी, परीक्षा द्यायची असेल तर तिची फी. मी तर म्हणते पहिल्या दिवशीच सांगा की आम्ही ड्रेसला इतकेच देऊ शकतो. घरातली साडी दुमडून, ओढणी बांधून लेझीम नाहीतर कोळीनृत्य फार सुंदर बसतं, त्याला हजार रुपयांचा चमचमता ड्रेस लागत नाही. घुंगरूसुद्धा लगेच घेऊ नका. कथक शिकवत असतील तर सुरुवातीला नुसता ततकार (पायाचे बोल) आणि हस्तक (हातांच्या हालचाली) चालतात, मुलं कंटाळतात, 'आई आम्हाला गाणंच लावत नाहीत' म्हणून येतील, तेव्हा तिला थोडं थांबायला सांगा कारण पाय तिथेच तयार होतात.

आता तुमच्याकडून काय हवं ते सांगते. पैसे भरलेल्या क्लासला आपण मुलाला ताप असला तरी पाठवतो, पैसे वाया जातात म्हणून. मोफत वर्गाला पाहुणे आले, बाजारात जायचंय, केस धुतलेत, कशानेही सुट्टी पडते. मग वीस मुलांची सात होतात, बसवलेला नाच पुन्हा पहिल्यापासून शिकवावा लागतो, शिकवणारी वैतागते, पैसे देणाऱ्याला हजेरीचं रजिस्टर दिसतं आणि तो पुढच्या वर्षी हात आखडता घेतो. असे कितीतरी वर्ग पालकांच्या सुट्ट्यांमुळे बंद पडलेत, हे कुणी मोठ्याने बोलत नाही. म्हणून तिचे ते तीन दिवस घरात ठरवून टाका, पाहुणे आले तरी ती जाणार. वर्ग साडेपाचला सुरू होणार आणि मुलगी सहाला पोचणार असं नको. पाण्याची बाटली, आणि जायच्या तासभर आधी एक केळं नाहीतर शेंगदाण्याचा लाडू, उपाशी पोटी नाचून मुलांना गरगरतं आणि जेवून लगेच गेली तर पोटात दुखतं.

वर्षभर गेली आणि तरी भूक भागत नाहीये, घरी आरशासमोर तासन्तास करत बसतेय, असं दिसलं तर मग पुढचा विचार करा. तेव्हाही आधी कर्ज नाही. एखाद्या कथक किंवा भरतनाट्यमच्या गुरूंकडे मुलीला घेऊन सरळ जा आणि परिस्थिती सांगा, फी कमी करणारे, माफ करणारे बरेच जण असतात, आपण विचारत नाही म्हणून कळत नाही. शिवाय केंद्र सरकारच्या संस्कृती मंत्रालयाची सीसीआरटी ही संस्था १० ते १४ वयाच्या मुलांना कलेची शिष्यवृत्ती देते, वर्षाला ३६०० रुपये आणि गुरूची फी भरून काढायला वर्षाला ९००० रुपयांपर्यंत वेगळे. त्यासाठी तज्ज्ञांसमोर करून दाखवावं लागतं, म्हणजे आधी काहीतरी शिकलेलं हवं, आणि तुमची मुलगी दहाची आहे म्हणजे अजून तीनचार वर्षं हातात आहेत. ही जाहिरात दरवर्षी निघते, शाळेतल्या बाईंना सांगून ठेवा लक्ष ठेवायला. मिस्टरांना 'शिष्यवृत्ती' ही पण आहे म्हणून सांगा.

आणखी एक, हे आत्ता नाही, दोनेक वर्षांनी लागेल. मुलगी बारा-तेराची झाली की घरातलं कुणीतरी म्हणणार, आता मोठी झाली, नाच पुरे. मोफत वर्गांमध्ये त्या वयाच्या मुली एकदम गळतात. पाळी सुरू झाली की त्या दिवसांत येऊ नको म्हणतात, मग तो एक आठवडा दर महिन्याला जातो, मग वर्गच जातो. तिला बरं वाटत असेल तर त्या दिवसांतही नाचता येतं, दुखत असेल तर बसून बघू दे, पण वर्गाला जाऊ दे. अंधार पडण्याची भीती असेल तर चाळीतल्या चार मुलींनी एकत्र यायचं-जायचं आणि एक आई आळीपाळीने बरोबर, हे आत्तापासूनच सुरू करा म्हणजे तेव्हा सवयीचं झालेलं असेल.

जाऊबाईंशी वाद घालू नका. त्यांच्या मुलीला तो क्लास आवडत असेल तर छानच आहे, दोघी बहिणी दिवाळीत एकमेकींना आपापला नाच शिकवतील.

फॉर्म भरताना दोन फोन नंबर द्या, एक तुमचा आणि एक चाळीत कायम घरी असणाऱ्या माणसाचा. मुलीला न्यायला कोण कोण येऊ शकतं त्यांची नावं लिहून द्या आणि दुसऱ्या कुणाबरोबर सोडू नका असं स्पष्ट सांगा. आधारची झेरॉक्स मागितली तर त्यावर 'फक्त नृत्यवर्गाच्या प्रवेशासाठी' असं लिहून तारीख टाकून सही करा, मगच द्या. आणि जाऊन बसलात की मार्चनंतरचं त्यांनी काय सांगितलं आणि बॅनरचं काय झालं ते मला कळवा, मी वाट बघते.